वाफेवर चालणारी कार आज का बनत नाही?

चाकोरीबाहेर: काल डोबल कारबद्दल वाचत बसलो होतो. 1920 च्या दशकातली अमेरिकन गाडी, क्लच नाही, गिअर नाही, थंड बॉयलर मिनिटभरात तयार व्हायचा आणि रॉकेलवर चालायची. तेव्हा हे जमत होतं तर आता सेन्सर, चांगलं स्टील सगळं असताना कोणी का काढत नाही? बायोडिझेल, इथेनॉल, काहीही जाळा ना!

नटबोल्ट: पिकअप जबरदस्तच, गाडी उभी असतानाच फुल टॉर्क (चाक फिरवायचा जोर) मिळतो म्हणून तर गिअर लागत नाही. स्पीडचाही प्रश्न नाही, स्टॅन्ले या अमेरिकन कंपनीच्या वाफेच्या गाडीने 1906 ला फ्लोरिडात ताशी 205 किमी गाठले होते. वाफेच्या गाड्यांमधला तो रेकॉर्ड ब्रिटिशांनी थेट 2009 ला मोडला, 225 किमी, तेही 12 बॉयलर लावून 😄

बगॅसवाला: साखर कारखान्यात बॉयलरवर आहे म्हणून सांगतो, वाफ करणं सोपं, तिचं परत पाणी करणं अवघड. एक किलो वाफेचं पाणी करायला साधारण 2250 किलोज्यूल उष्णता काढून टाकावी लागते. पेट्रोल गाडीत बरीचशी उष्णता सायलेन्सरमधून फुकटात निघून जाते, इथे वाया जाणारी बहुतेक सगळी कंडेन्सरमधूनच (वाफेचं पाणी करणाऱ्या भागातून) काढायची, म्हणजे रेडिएटर केवढा लागेल बघा, त्यात आपल्याकडचा मे महिना. आमच्याकडे कूलिंग टॉवर आहे, तो काय टपावर बांधणार का? त्यात सिलेंडरचं तेल वाफेत मिसळून बॉयलरमध्ये जातं ते वेगळंच.

चाकोरीबाहेर: मग वाफ सोडून द्यायची आणि पाणी भरत राहायचं?

नटबोल्ट: स्टॅन्लेवाले आधी तेच करायचे, रस्त्याकडेच्या घोड्यांच्या हौदातून पाणी भरायचे. 1914 ला तिकडे जनावरांत लाळ-खुरकूत आली, हौद बंद झाले, मग झक मारत कंडेन्सर बसवावा लागला. तोवर पेट्रोल गाडीला सेल्फ स्टार्टर आला होता, बॉयलर तापेपर्यंत कोण थांबतंय. 1924 ला कंपनी गुंडाळली.

चाकोरीबाहेर: बरं, पण बीएमडब्ल्यूने पण काहीतरी केलं होतं ना?

बगॅसवाला: हो, 2005 ला, टर्बोस्टीमर. पण ते पेट्रोल इंजिनच, सायलेन्सरची वाया जाणारी उष्णता वापरून वाफ करायची आणि इंजिनला हातभार लावायचा, 15 टक्के इंधन वाचेल असा त्यांचा दावा होता. मला विचाराल तर वाफेचा गाडीत उपयोग झाला तर असाच होईल, तोही कारपेक्षा लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये, कारण तिथे इंजिन तासन्‌तास एका लोडवर चालतं.