टर्मिनलवरून एकगठ्ठा पीडीएफ प्रिंट करायच्यात, काय वापरू?

चिकटपट्टी: लिनक्सवर एका फोल्डरमध्ये ढीगभर पीडीएफ आहेत, प्रत्येक उघडा, कंट्रोल पी दाबा, पाठपोट निवडा, ओके करा, जाम वैताग आलाय. टर्मिनलवरून एका फटक्यात होतं म्हणतात. क्रम बिघडायला नको. थोड्या मराठी टेक्स्ट फायलीपण आहेत. वेगळं काही टाकावं लागेल का?

काळीशाई: पीडीएफसाठी काही नको, कप्स (प्रिंटिंग सांभाळणारी यंत्रणा) असतंच बहुतेक डिस्ट्रोत, म्हणजे लिनक्सच्या प्रकारांत. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाकताना रोमनमध्ये टाका.) आधी एलपीस्टॅट -पी -डी मारा, प्रिंटरांची नावं आणि डिफॉल्ट कोणता ते कळेल. मग एलपी -डी, पुढे प्रिंटरचं नाव, पुढे फाइल. पाठपोटसाठी -ओ साइड्स=टू-साइडेड-लाँग-एज, पान आडवं असेल तर शॉर्ट-एज, नाहीतर मागची बाजू उलटी येते. दर वेळी एवढं कोण टाइप करणार, म्हणून एलपीऑप्शन्सने एकदाच सेट करून ठेवा.

उगाचच: एलपीआर ही छापायची दुसरी कमांडपण चालते की. प्रिंटरसाठी तिथे मोठा पी लागतो आणि प्रतींसाठी एलपीत -एन असतं तिथे हॅश, एवढंच. मला एलपीच बरं वाटतं, -पी १-४ दिलं की तेवढीच पानं येतात (हा पीपण मोठा).

काळीशाई: क्रमाचं मात्र बघा हं. स्टार डॉट पीडीएफ (म्हणजे सगळ्या पीडीएफ) दिलं की शेल, म्हणजे टर्मिनलात कमांड चालवणारा प्रोग्राम, नावांच्या अक्षरक्रमाने जातं, म्हणजे १ नंतर १०, ११ आणि मग कुठेतरी २. नावं ००१, ००२ अशी करा आणि प्रिंटच्या आधी त्याच स्टारला इको (नुसतं दाखवणारी कमांड) लावून यादी बघून घ्या, कागद वाचतो.

जोडाक्षर: मराठी टेक्स्टसाठी कोणी एनस्क्रिप्ट (टेक्स्ट छापायचा प्रोग्राम) सुचवलं तर नको म्हणा. कोड छापायला ते झकास आहे, पण त्याला यूटीएफ-८ (मराठी अक्षरं साठवायची पद्धत) कळत नाही, त्यामुळे देवनागरीचा नुसता कचरा येतो. पॅप्स हा प्रोग्राम टाका, ते अक्षरं पँगो या अक्षरमांडणीच्या लायब्ररीकडून मांडून घेतं त्यामुळे ‘क्ष’, ‘र्‍य’ सगळं नीट जुळून येतं, देवनागरी फाँट तेवढा असू द्या. त्याचं आउटपुट पाइपने (दोन कमांडींमध्ये उभी रेघ टाकून) थेट एलपीला द्यायचं.

चिकटपट्टी: पॅप्स एक नंबर! पीडीएफ पण निघत होत्या, पण मध्येच कागद अडकला, तो काढला तरी प्रिंटर ढिम्म. एलपीस्टॅट म्हणतंय डिसेबल्ड.

उगाचच: एरर आली की कप्स रांग थांबवतं कधीकधी. कप्सइनेबल आणि प्रिंटरचं नाव, बस. बंद-चालू करत बसू नका, त्याने ती रांग सुटत नाही. राहिलेलं नकोच असेल तर आधी कॅन्सल -ए, नाहीतर इनेबल केल्याकेल्या सगळा गठ्ठा सुटेल.