आलेखांतल्या आकड्यांचं लोकेल: एकदाच ठरवायचं की प्रत्येक आलेखाला वेगळं द्यायचं?

खटपट्या
डी-थ्रीमध्ये (ब्राउझरमध्ये आलेख काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) लोकेल, म्हणजे भाषा-देशानुसार आकडे लिहायचे नियम, अख्ख्या ॲपसाठी एकदाच ठरवावं, असं माझं स्पष्ट मत. सुरुवातीलाच 'फॉरमॅट डिफॉल्ट लोकेल' या फंक्शनला दशांशचिन्ह, हजारांचं चिन्ह, गटांची यादी आणि चलनचिन्ह द्यायचं. गटांत ३, २, २ असं पुढे लिहीत गेलं की १,२३४,५६७ च्या जागी १२,३४,५६७ दिसतं. अक्ष, लेबल, टूलटिप (माउस नेल्यावर उमटणारी चौकट) सगळं एका दमात बदलतं. तरी लोक प्रत्येक आलेखाला स्वतंत्र फॉरमॅटर (आकडा ठरल्या रूपात लिहून देणारं फंक्शन) का चिकटवत बसतात?

शून्यवादी
'एका दमात' इथेच गोम आहे. डिफॉल्ट बदलण्याआधी बनवून ठेवलेला फॉरमॅटर जुन्याच लोकेलला धरून राहतो. आता वापरकर्त्याने मध्येच जर्मन निवडलं असं समजा. अक्ष पुन्हा काढला जातो, तिथे १.५०० येतं. टूलटिपचा फॉरमॅटर मात्र फाइलच्या माथ्यावर कधीचाच तयार झालेला, तो १,५०० दाखवतो. जर्मन वाचणारा त्याला दीड समजणार! चूक कुठे लाल अक्षरांत दिसतही नाही.

शिवाय आलेख सर्व्हरवर काढत असाल तर एकाच प्रोसेसमध्ये अनेकांच्या विनंत्या चालू असतात. एकाचं ग्लोबल लोकेल दुसऱ्याच्या आलेखात शिरू शकतं. 'फॉरमॅट लोकेल'ने ऑब्जेक्ट बनवा आणि तो आलेखाला हातात द्या. चार ओळी जास्त लागतील, लागू देत.

खटपट्या
सर्व्हरचं मान्य. ब्राउझरमध्ये भाषा बदलली की पान रीलोड करा, विषय संपला. क्वचित घडणाऱ्या गोष्टीसाठी सगळ्या कंपोनंटांतून लोकेल वाहून नेणं म्हणजे हमाली.

काठावरची
मुळात लायब्ररीचं लोकेल हवंच कशाला? आकडे भाषेनुसार लिहून देणारं ब्राउझरचं स्वतःचं इंटल नंबरफॉरमॅट आहे ना. 'एमआर-आयएन' (मराठी-भारत) दिलं की देवनागरी अंक, 'ईएन-आयएन' (इंग्रजी-भारत) दिलं की इंग्रजी अंक, गट दोन्हीकडे लाख-कोटीचे. मोठा आकडा अक्षर लावून थोडक्यात लिहिणाऱ्या डी-थ्रीच्या 'एस' प्रकाराला कुठलंही लोकेल लावा, एक कोटीचं '१०एम'च (एम म्हणजे दशलक्ष) होणार. इंटलच्या संक्षिप्त नोटेशनमध्ये कोटी मिळतो. अक्षाच्या टिकफॉरमॅटला (खुणांवरचे आकडे कसे लिहायचे ते ठरवणारा) कुठलंही फंक्शन चालतं, मग अडलंय कुठे?

शून्यवादी
अचूकतेवर अडलंय. स्केलचा (आकड्याला अक्षावरची जागा नेमून देणारा भाग) स्वतःचा टिकफॉरमॅट दोन खुणांमधलं अंतर बघून दशांशस्थळं ठरवतो. इंटल साध्या आकड्याला मुळात जास्तीत जास्त तीनच देतं. खुणा ०.०००२ च्या अंतराने असतील तर ०.०००२ आणि ०.०००४ दोन्ही '०' म्हणून छापले जातात. अक्षावर ओळीने तीन शून्यं, छान दिसतं.

काठावरची
स्थळांची कमाल मर्यादा आपण देऊ शकतो की. खुणांचं अंतर काढून तेवढी द्या.

शून्यवादी
म्हणजे डी-थ्रीने फुकट दिलेलं काम परत हाताने करा! कोटी दाखवण्यापुरतं तुमचं इंटल घेतो, बाकी अक्षांना हात लावणार नाही.

खटपट्या
आता एका पानावर दोन यंत्रणा झाल्या. आणि म्हणे ग्लोबल धोक्याचं.