महाकाली लेण्यांजवळ मजला चढतोय, तक्रार नेमकी कुठे करायची?

पागोळी:
अंधेरीच्या महाकाली लेण्यांच्या कुंपणापासून दीडशे पावलांवर एका बैठ्या घरावर मजला चढतोय. पोलीस म्हणतात, आमच्याकडे येत नाही. खरंय का?

घडीवदगड:
अर्धं खरं. ही लेणी केंद्र संरक्षित. 1958 च्या केंद्रीय स्मारक कायद्यात कलम 32 मुळे स्मारक विद्रूप करणं किंवा त्यातलं शिल्प उचलून नेणं दखलपात्र आहे, तिथे पोलीस थेट गुन्हा नोंदवतात. शेजारचं बांधकाम त्या कलमात नाही. म्हणून अर्ज आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे, शीव किल्ल्याला.

आणि पावलं मोजू नका! 100 मीटर प्रतिबंधित (बांधकामाला बंदी) आणि पुढचे 200 मीटर विनियमित (परवानगीनेच बांधकाम), हे अंतर संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून धरतात. गुंफेच्या दारापासून नाही. ती हद्द अधिसूचनेतली, कुंपण तिच्यावरच असेल असं नाही. अधिसूचना आणि नकाशा माहिती अधिकारात मागवा. ते घर 100 मीटरच्या आत की बाहेर, यावर त्याच कायद्याचं कलम 30अ लागेल की 30ब ते ठरेल. शिक्षा दोन्हींत सारखीच, 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण विनियमित पट्ट्यात परवानगी मिळू शकते, हा फरक मोठा.

सळईगज:
अर्जात सीटीएस नंबर (नगर भूमापन क्रमांक) हवाच, मिळकत पत्रिका जोडा. ‘निळ्या पत्र्याचं घर’ लिहिलंत तर नोटीस काढणार कुणाच्या नावे? फोटो दर दोन दिवसांनी, एकाच जागेवरून, सळया दिसतील असे. गिलावा झाला की ‘जुनंच आहे, दुरुस्ती चाललीय’ हे ठरलेलं उत्तर. 16 जून 1992 पूर्वीच्या घराला दुरुस्तीची परवानगी मिळतेही, पण त्याच केंद्रीय कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडून. मजला चढवणं दुरुस्तीत बसत नाही. व्याख्येत उभी वाढही बांधकामच.

त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने खात्यालाही वेगळा अर्ज द्या, महापालिका कायद्याच्या 354अ खाली काम थांबवण्याची नोटीस मागा. स्लॅब ओतायच्या आत. नंतर सगळं पाडकामावर जातं आणि फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरते.

पागोळी:
शिवडी किल्ल्यालाही हेच नियम?

घडीवदगड:
नाही. तो राज्य संरक्षित, त्याला राज्याचा 1960 चा कायदा. अर्ज राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. फोर्टमधल्या हेरिटेज यादीतल्या इमारतींचं प्रकरण तिसरंच, ते विकास नियमावली 2034 च्या विनियम 52 खाली येतं.

पागोळी:
नकाशाचा अर्ज उद्याच टाकते.