उत्तर: हात पिंजऱ्यात घातला की पोपट किंचाळतो

हातमोजे घालून रोज धरायचा, मग सवय होते, असा सल्ला या प्रश्नावर कुणीतरी दिलाय. कृपया तसं करू नका. पकडलेला पोपट शांत दिसतो तो भीतीने गोठलेला असतो, आणि पुढे हात दिसला की चावतो.

आधी पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लावा, म्हणजे त्याला पाठीमागून धोका वाटणार नाही. सूर्यफुलाच्या बिया वाटीतून काढून टाका. त्या फक्त तुमच्याकडूनच मिळायला हव्यात. रोजचं खाणं मात्र कमी करायचं नाही, उपाशी ठेवून विश्वास मिळत नाही.

आता अंतर. जवळ जाताना पिसं अंगाला घट्ट चिकटली, मान ताणली किंवा तो मागे झुकला की थांबा आणि एक पाऊल मागे या. हे मागे येणं बीइतकंच मोलाचं: किंचाळल्याशिवायही आपलं ऐकलं जातं, हे त्याला कळतं. तो सैल झाला की एक बी वाटीत टाका आणि निघून जा. दिवसातून दोनतीनदा, पाचच मिनिटं. तुमच्यासमोर खायला किंवा पिसं साफ करायला लागला, की बी जाळीतून बोटांनी द्या. हात नेहमी पोपटाच्या छातीच्या उंचीवर, बाजूने न्या. वरून आलेला हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो.

दिवसभर पिसं फुगवून बसत असेल आणि श्वासाबरोबर शेपूट हलत असेल, तर मात्र ती भीती नाही. त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या.