चित्रावरून जुना पिक्चर ओळखा बघू

शहापूरकर: पाऊस काय थांबंना, म्हणून वहीच्या पाठकोऱ्या पानावर चित्र काढून टाकलंय. मास्तरांचा पुतळा, गळ्यात हार, खाली घुंगरू आणि शेजारी बेड्या. मराठी आहे, साल सांगणार नाही. सोडवा की.

खानापूरची: घुंगरू म्हणजे सांगत्ये ऐका! 1959, अनंत माने.

शहापूरकर: घुंगरू बघून पळू नका ओ ताई, पुतळा कुठाय त्यात?

निपाणीवाला: पिंजरा, 1972, शांतारामबापू. मास्तर मेला समजून गाव पुतळा उभारतं आणि त्याच मास्तराला स्वतःच्याच खुनाची शिक्षा होते, डॉ. लागूंचा तो शेवटचा चेहरा बघितला की अजून पोटात कालवतंय बघा. वर राम कदमांचं संगीत. पुतळा मात्र आमच्या सोसायटीच्या चेअरमनसारखा दिसालाय.

शहापूरकर: बरोब्बर! चेअरमनना दाखवू नका फक्त 😄

खानापूरची: आता माझं, कन्नड चालतंय न्हवं? सोन्याची अंगठी, अधिक चिन्ह, नांगर धरलेला माणूस.

निपाणीवाला: हे तर शेंबडं पोर सांगंल, बंगारद मनुष्य, म्हणजे सोन्याचा माणूस, कन्नडवाले राजकुमार. तो पण 1972 चाच की! आमचे अण्णा दोन्ही पिक्चरला रडायचे, एकाला मराठीत, एकाला कन्नडमध्ये.