स्पिनलॉकखाली मेमरी मागताना सगळीकडे जीएफपी_अ‍ॅटॉमिकच द्यायचा का?

प्रश्न
लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहितोय. आयओसीटीएल (प्रोग्रामकडून ड्रायव्हरला येणारी आज्ञा) एका लिस्टमध्ये नोंद टाकतो, इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरनं इशारा दिला की चालणारा कोड) ती उचलतो, म्हणून सगळं स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्हखाली आहे, म्हणजे इंटरप्ट बंद करून घेतलेल्या स्पिनलॉकखाली; हा लॉक मोकळा होईपर्यंत सीपीयू गरगरत वाट बघतो. नोंदीसाठी केझॅलॉकही (मेमरी मागणारं फंक्शन) लॉकच्या आतच होतो. त्याला फ्लॅग म्हणून जीएफपी_कर्नल (गरज पडली तर थांबणारा) दिला तर चाचणीत काहीच बिघडत नाही, पण रिव्ह्यूत तो चूक ठरवला. मग सरसकट जीएफपी_अ‍ॅटॉमिक (कधीच न थांबणारा) देऊ का?

उत्तर
नका देऊ. चाचणीत बिघडत नाही, कारण मोकळी पानं भरपूर असली की जीएफपी_कर्नल झोपतच नाही, म्हणजे सीपीयू सोडून थांबत नाही. मेमरीची ओढाताण सुरू झाली की तो पानं मोकळी करायला लागतो, डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबतो, आणि तुमचा लॉक तसाच अडकून राहतो. तोवर दुसरा सीपीयू त्याच लॉकवर गरगरतोय! कर्नल बांधताना कॉन्फिग_डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप हा पर्याय चालू करा. मेमरी कितीही मोकळी असली तरी कर्नल लगेच लॉगमध्ये बोंब मारेल.

अ‍ॅटॉमिक झोपत नाही हे खरं, पण तो राखीव साठ्यात हात घालतो. तो साठा ज्यांना थांबताच येत नाही त्यांच्यासाठी, उदाहरणार्थ पॅकेट स्वीकारणारा नेटवर्क ड्रायव्हर. आयओसीटीएलला थांबता येतं, मग त्यानं तिथून का घ्यावं?

फ्लॅग राहू द्या, ओळ वर सरकवा. लॉकच्या आधीच जीएफपी_कर्नलनं मेमरी घ्या, नल आला तर उणे ईनोमेम (मेमरी नाही, हा एरर कोड) परत करा. मग लॉक, लिस्ट_अ‍ॅड_टेलनं नोंद लिस्टच्या शेवटी, अनलॉक. लॉक घेतल्यावर तीच नोंद आधीपासून दिसली, तर लॉक सोडून केफ्रीनं मेमरी परत द्या. एखादी मागणी फुकट गेली तरी परवडतं.

प्रश्नकर्ता
पटलं. पण एक फंक्शन आयओसीटीएल आणि हँडलर दोघंही वापरतात. त्यात इन_अ‍ॅटॉमिक (इथं झोपणं चालत नाही का, हे सांगणारा मॅक्रो) बघून फ्लॅग ठरवला तर?

उत्तर
अजिबात नको. प्रीएम्प्शनची (चालू काम मधेच थांबवून दुसरं चालवणं) मोजणी बंद असलेल्या कर्नलमध्ये स्पिनलॉक घेतल्याची नोंदच राहत नाही, त्यामुळे लॉक हातात असतानाही इन_अ‍ॅटॉमिक शून्य देऊ शकतो. फंक्शनला जीएफपी_टी (फ्लॅगचा टाइप) पॅरामीटर द्या. आपण कुठून आलोय हे कॉल करणाऱ्यालाच ठाऊक असतं.

दुसरं उत्तर
हँडलरमधलं काम रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यूनं थ्रेडमध्ये नेता आलं तर तिथंही लॉकबाहेर जीएफपी_कर्नल चालतो. आणि ड्रायव्हर प्रीएम्प्ट_आरटीवर (रिअल-टाइम कर्नल) जाणार असेल तर रॉ स्पिनलॉकखाली (तिथंही न झोपता गरगरणारा लॉक) अ‍ॅटॉमिकसुद्धा चालत नाही, कारण अ‍ॅलोकेटरचे आतले लॉकच तिथं झोपू शकतात.