मोदकाच्या कुकीज पसरणं आणि लाल रंग पांढऱ्यात उतरणं

ठाण्यात पावसाळ्यात केलेल्या मोदकाच्या आकाराच्या कुकीज भाजताना पसरतात आणि वरच्या आयसिंगचा (साखरेच्या थराचा) लाल रंग पांढऱ्यात उतरतो, या दोन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत. कुकीज पसरत असतील तर बेकिंग पावडर पूर्ण वगळा. २५० ग्रॅम मैद्याला १२५ ग्रॅम बटर, १०० ग्रॅम पिठीसाखर आणि मळायला लागेल तेवढंच चमचा-दोन चमचे दूध. बटर-साखर फक्त एकजीव करा; जास्त फेटलं की आत हवा भरते आणि मोदकाच्या कळ्या बुजतात. ६ मिमी जाड लाटून, कापून, ट्रेसकट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. मग १७० अंशांवर १० ते १२ मिनिटं.

रंग उतरतो तो ठाण्याच्या पावसाळी दमट हवेमुळे. आयसिंग सावकाश सुकतं, तोवर रंग सरकतो. आयसिंगसाठी २५० ग्रॅम आयसिंग शुगर, १५ ग्रॅम मेरिंग पावडर, ३५-४० मिली पाणी. (मेरिंग पावडरमध्ये अंड्याच्या पांढऱ्याची सुकी पूड असते, नैवेद्याला ठेवणार असाल तर लक्षात घ्या.) सुरीने ओढलेली रेघ साधारण १५ सेकंदांत मिटली पाहिजे, लगेच मिटली तर पाणी जास्त झालंय. जेल रंगच (खाण्याचे घट्ट रंग) वापरा. पांढरा थर एसी किंवा पंख्याखाली रात्रभर सुकवा, मगच लाल भरा. सजवलेल्या कुकीज फ्रीजमध्ये मुळीच नकोत, बाहेर काढताच पाणी सुटतं.